सहावा बॉलर कुठाय?

आपल्या महिला टीमनं २०२५ चा वनडे वर्ल्ड कप जिंकला, फटाके वाजून झाले, सगळ्यांचे स्टेटस ठेवून झाले, तरी एक गोष्ट मनातून जाईना म्हणून लिहिते. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

२ नोव्हेंबरच्या रात्री आनंद झाला तो झालाच, पण त्याच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आमच्या तालुक्यातली माणसं ह्या टीमवर कचाकचा भांडत होती ना, त्याचा मला जास्त आनंद झाला. हो, भांडण्याचा. कॅप्टन हरमननं बॉलिंग कुणाला द्यायला पाहिजे होती, जेमिमासारख्या बॅटरला टीमबाहेर का बसवलं, सहावा बॉलर कुठाय, ह्यावर. बायकांच्या क्रिकेटवर असं भांडण मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि मला वाटतं खरा बदल हाच आहे, कपाच्या आधी झालेला.

कारण आत्तापर्यंत काय होतं, महिला क्रिकेटवर बोलणारी दोनच प्रकारची माणसं. एक ते, जे "भाकऱ्या थापा" छाप कमेंट टाकतात, त्यांच्याबद्दल मला बोलायचंच नाही. दुसरे आपले चांगले लोक. ते म्हणणार, पोरी आहेत हो, एवढं खेळल्या तेच खूप. मला ह्या दुसऱ्यांचा जास्त राग यायचा. २३ जुलै २०१७, लॉर्ड्स, वर्ल्ड कप फायनल आठवा. इंग्लंडच्या २२८, आपण ३ बाद १९१, पूनम राऊत ८६ वर खेळत होती, मॅच खिशात होती. तिथनं २८ रनांत सात विकेट गेल्या आणि ९ रननी हरलो. त्यांच्या बॉलर श्रबसोलनं ४६ रन देऊन सहा काढल्या. मला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी जो तो म्हणतोय, फायनलला पोचल्या हेच खूप! अरे, हातातली फायनल घालवली, कशी घालवली ते तरी विचारा. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला पुरुषांची टीम वर्ल्ड कप फायनल हरली तेव्हा के. एल. राहुलच्या १०७ बॉलमधल्या ६६ रनांवर गल्लोगल्ली सहा महिने चर्चा चालली होती, अजून चालते. ते काय दुष्मनी म्हणून नाही, आपण त्यांना जिंकणारी टीम धरतो म्हणून. जिच्याकडनं जिंकायची अपेक्षाच नाही तिच्यावर कोण कशाला चिडेल?

आता ह्यावेळचं सांगते. आमचं तासगावात कृषी सेवा केंद्र आहे, माझा भाऊ आणि मी बघतो. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडं द्राक्षाच्या छाटणीचा सीझन, त्यात पाऊस पडला की डाऊनी रोगाच्या भीतीनं सकाळी सहापासनं दुकानात रांग. मोबाईल कॅल्क्युलेटरला टेकवून ठेवायचा आणि बिलं करत मॅच बघायची, असा सगळा वर्ल्ड कप मी काउंटरवर बघितला. पहिल्या मॅचला, ३० सप्टेंबरला गुवाहाटीत श्रीलंकेला हरवलं, मग ५ ऑक्टोबरला कोलंबोत पाकिस्तानला, तेव्हा गिऱ्हाईकं नुसतं "स्मृतीनं किती केल्या" एवढंच विचारून जायची. ओपनर स्मृती मंधाना आपल्या सांगलीची पोरगी म्हणून तेवढीच चौकशी. आणि पहिल्या तीन मॅचमध्ये तिची बॅट चाललीच नाही, त्यामुळं तीपण कमी झाली होती.

मग ९ तारखेला विशाखापट्टणमला साउथ आफ्रिकेची मॅच. आपली ६ बाद १०२ अशी वाट लागलेली, तिथनं रिचा घोषनं ७७ बॉलमध्ये ९४ मारल्या, २५१ केल्या. त्यांचे पण पाच जण ८१ मध्ये गेले. जिंकलोच म्हणून मी गोडाऊनमध्ये खत मोजायला गेले आणि बाहेर आले तर त्यांची डी क्लर्क मारतीय. ५४ बॉलमध्ये नाबाद ८४! सात बॉल राखून त्या जिंकल्या. तीन दिवसांनी तिथंच ऑस्ट्रेलिया. ३३० केल्या आपण, स्मृती ८०, तिच्या जोडीची ओपनर प्रतिका ७५, आणि त्यांच्या कॅप्टन हिलीनं १४२ मारून एक ओव्हर शिल्लक ठेवून मॅच नेली. त्याच मॅचमध्ये स्मृतीच्या वनडेतल्या पाच हजार रन पूर्ण झाल्या, शिवाय एका वर्षात हजार रन करणारी जगातली पहिली बाई ती ठरली, पण ते कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही.

तिथनं सुरू झालं. औषधं न्यायला आलेला एक बागायतदार, ज्यानं मागच्या वर्षापर्यंत बायकांची एक मॅच बघितली नसेल, तो काउंटरवर हात आपटून म्हणतो, ताई, सहावा बॉलर कुठाय? पाचच बॉलर घेऊन वर्ल्ड कप खेळायला गेल्यात, एकीला मार बसला की दुसरा पर्यायच नाही! शेजारचा म्हणतोय, मग कुणाला काढू, आठव्या नंबरला रिचा आहे म्हणूनच तर २५१ झाल्या ना परवा? अर्धा तास. बाहेर टेंपो हॉर्न मारतोय. मीपण बिल सोडून त्यात. माझं मत पहिल्यापासनं एकच होतं की बॅटर कमी करून बॉलर वाढवायचा नाही. वरच्या सहाजणींनी चाळीस ओव्हर नीट काढल्या तर बॉलरवर तेवढा ताण येतच नाही.

आणि मॅनेजमेंटनं नेमकी बॅटरच कमी केली. १९ तारखेला इंदूरला इंग्लंडविरुद्ध जेमिमाला बसवून बॉलर रेणुकाला घेतलं. मी अजूनही म्हणते ते चुकलं. आणि त्या दिवशी काय झालं बघा, २८९ चं टार्गेट, हरमन आणि स्मृतीनं छान जमवलेलं, स्मृती ८८ वर. साधारण नऊ ओव्हरमध्ये ५५ हव्यात, सात विकेट हातात. आणि ती लिन्सी स्मिथला उचलून मारायला गेली, लॉंगऑफला कॅच. मग रिचा गेली, दीप्ती गेली, शेवटच्या ओव्हरला १४ हव्या होत्या, ४ रननी हरलो. जेमिमा असती तर एक-एक दोन-दोन पळून काढल्या असत्या, हे मी त्या रात्री दहाजणांना तरी सांगितलं असेल.

आता इथं गंमत वाटली नाही, वाईट वाटलं. गिऱ्हाईकांपैकी कुणी स्मृतीचं नाव घेईना. आपली पोरगी, तिला कसं बोलायचं. मी म्हटलं, का नाही बोलायचं? तो शॉट त्यावेळी नको होता. सेट झालेली बॅटर, स्पिनर चालू, रनरेट हातात, तिनं शेवटपर्यंत थांबायला पाहिजे होतं. हे बोलल्यानं तिचा अपमान होत नाही. मॅच संपल्यावर तिनं स्वतः पुढं येऊन जबाबदारी घेतली, माझ्या विकेटपासनं घसरण झाली म्हणून. ती स्वतः जे बोलायला घाबरत नाही ते आपण तिच्या वतीनं का झाकायचं? सचिन आउट झाला की आपण टीव्हीसमोर शिव्या घालणारी माणसं आणि सचिनला देव मानणारी पण आपणच. तेच प्रेम हिला द्या की.

हां, एक मात्र आहे. वाद शॉटवर घाला, फिल्डिंगवर घाला, टीम निवडीवर घाला. खेळाडूच्या घरातल्या गोष्टी, कपडे, लग्न, ह्यावर तोंड उघडायचं काम नाही. तिथं मी दुकानातपण लोकांना गप्प केलंय आणि इथंपण करणार, कमेंट डिलीट करीन सरळ.

तीन मॅच ओळीनं हरल्यावर सेमी गाठायची म्हणजे न्यूझीलंडला हरवायलाच पाहिजे. २३ तारखेला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर स्मृती १०९, प्रतिका १२२, दोघींची २१२ ची ओपनिंग. आणि जेमिमा परत टीममध्ये, तीन नंबरला, ५५ बॉलमध्ये नाबाद ७६. त्या दिवशी दुकानात मी काय बोलले असेन ते तुम्ही समजू शकता. पण खरं सांगते, ज्यांनी सहाव्या बॉलरचा हट्ट धरला होता त्यांनी हट्ट सोडला नाही, आणि ते मला आवडलं. म्हणाले, बॅटिंग चालली म्हणून बॉलिंगचा प्रश्न मिटत नाही ताई, ऑस्ट्रेलिया परत येणाराय.

आलीच. बांगलादेशची मॅच पावसात वाहून गेली, त्यात फिल्डिंग करताना प्रतिकाचा पाय मुरगळला. सगळ्यात भरवशाची ओपनर बाहेर. तिच्या जागी शेफाली वर्मा, जी पंधराच्या मूळ टीममध्येच नव्हती, हरियाणाकडनं देशातल्या देशात टी-ट्वेंटी खेळत होती, तिला बोलावलं. ३० ऑक्टोबरची सेमी. ऑस्ट्रेलियाच्या ३३८, लिचफिल्ड ११९. शेफाली १० वर, स्मृती २४ वर गेली आणि दुकानातली निम्मी माणसं उठून गेली. उरलेल्यांनी जे बघितलं ते त्यांचं नशीब. हरमन ८९, आणि जेमिमा नाबाद १२७. पन्नास झाल्यावर बॅट वर नाही, शंभर झाल्यावर नाही, घामानं पार भिजलेली, नुसती पुढचा बॉल खेळतीय. ८२ वर असताना हिलीनं तिचा सोपा कॅच सोडला तेव्हा आमच्या दुकानात एकजण खताच्या पोत्यावरनं खाली घसरला. ३४१, नऊ बॉल राखून. बायकांच्या वनडेत ह्याच्याआधी एवढा मोठा पाठलाग कुणी केलेला नव्हता. २०१७ ला डर्बीला हरमनच्या नाबाद १७१ नंतर ऑस्ट्रेलियाला वर्ल्ड कपात कुणी हरवलं नव्हतं, ते परत आपणच हरवलं.

फायनल साउथ आफ्रिकेशी, पावसानं दोन तास उशीर. आमच्याकडं माणसं जेवून येऊन परत बसली. शेफाली ८७, दीप्ती ५८, स्मृती ४५, आपल्या २९८. त्यांची कॅप्टन वोल्वार्ट अशी खेळत होती की मला धाप लागलेली. आणि तेव्हा, एकविसावी ओव्हर, हरमन बॉल देते शेफालीला! जिनं वनडेत मोजक्याच ओव्हर टाकलेल्या, तिला. दुसऱ्याच बॉलला लूसचा कॅच तिनं स्वतःच घेतला. पुढच्या ओव्हरला कॅप गेली. दुकानात त्या बागायतदारानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, घ्या, हा सहावा बॉलर! मी म्हटलं, हो, पण बॅटर न काढता मिळाला! आम्ही दोघंही बरोबर होतो आणि दोघंही मागं हटलो नाही. वोल्वार्टनं शंभर केले, मग अमनजोतनं तो झेल दोन-तीनदा हातातनं सुटत सुटत पकडला, दीप्तीनं पाच काढल्या, रात्री बाराच्या सुमाराला डी क्लर्कचा कॅच हरमनच्या हातात. ५२ रननी जिंकलो. मी रडले, भाऊ रडला, त्याचं वर्णन करत बसत नाही.

हे कसं झालं ह्याचं उत्तर नुसतं "जिद्द" नाही, असं माझं ठाम मत आहे. २००५ ला पण फायनल खेळलो होतो, मिताली कॅप्टन होती, तेव्हा महिला क्रिकेट बीसीसीआयकडं पण नव्हतं. ऑक्टोबर २०२२ ला मॅच फी पुरुषांएवढी झाली. २०२३ ला डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची आयपीएल आली, पहिल्याच लिलावात स्मृतीला ३ कोटी ४० लाख मिळाले. क्रांती गौड काय, श्री चरणी काय, ह्या पोरी डब्ल्यूपीएलमध्ये मोठ्या मोठ्या बॅटरना बॉलिंग टाकून आल्यात, म्हणून वर्ल्ड कपात त्यांचा हात थरथरला नाही. पैसा आणि मॅचेस दिल्या की खेळाडू तयार होतात, एवढं सरळ आहे.

मग आपल्या जिल्ह्याचं काय? विजय हजारे सांगलीत जन्मले, १९५२ ला भारतानं पहिली टेस्ट जिंकली तेव्हा कॅप्टन तेच. स्मृती दोन वर्षांची असताना घरचे मुंबईहून इथं आले, सांगलीजवळच्या माधवनगरला वाढली, नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधराखालच्या टीममध्ये. पण तिचे वडील आणि भाऊ दोघंही क्रिकेट खेळलेले. घरातच बॅट होती, नेटला नेणारं माणूस होतं. ज्या पोरीच्या घरात हे नाही तिनं काय करायचं?

आमच्या एका गिऱ्हाईकाची मुलगी आहे, आठवीत. वडील औषध घेईपर्यंत ती काउंटरसमोर उभी राहून बोटात सीझन बॉल फिरवत असते. शिवण बोटाच्या पेरावर घासून घासून तिथं घट्टा पडलाय. फायनलच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला दाखवलं, दीप्तीनं साउथ आफ्रिकेच्या डर्कसनला पायात टाकून बोल्ड काढला तो बॉल ऑफस्पिनर कसा टाकतो, हात कुठनं यायला पाहिजे, मनगट किती वळवायचं. मापाच्या तराजूशेजारी उभी राहून, दोनदा, सावकाश. ही पोरगी गावात पोरांच्यात टेनिस बॉलवर खेळते. नेटला जायचं तर सांगलीला, संध्याकाळची प्रॅक्टिस संपेपर्यंत अंधार, येताना एसटीचा भरवसा नाही, वडील बागेत फवारणीला. जवळच्या एका मैदानावर विचारलं तर उत्तर आलं, मुलींची बॅच नाही, मुली जमल्या तर बघू. आता बॅच नसताना मुली कशा जमणार?

माझी मागणी काय मोठ्या स्टेडियमची नाही. तालुक्याच्या ठिकाणी सकाळच्या वेळात मुलींना एक नेट, मॅटिंगचं चालेल. कपडे बदलायला आतनं कडी लागणारी एक खोली. आणि शाळांच्या मॅचेस वाढवा, वर्षाला दोन मॅच खेळून कुणी शिकत नाही. सत्कारांवर आणि कमानींवर जो खर्च होतो त्यातल्या थोडक्यात हे बसतं. आमच्या दुकानातल्या मंडळींनी मिळून मॅटिंगचे पैसे जमवायचे ठरवलंय, जागेसाठी अर्ज लिहून तयार आहे. सह्या करायला ज्यांना जमेल त्यांनी सकाळी दहानंतर या, आधी नको, रांग असते.

बाकी, २०२६ च्या जूनमध्ये इंग्लंडला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, फायनल लॉर्ड्सवर. माझं मत आत्ताच सांगते, ओपनिंग स्मृती-शेफाली, जेमिमा तीनलाच पाहिजे आणि तिला कुठल्याही कारणानं बसवायचं नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी खाली लिहा, कारणासकट.