सूर्यपुत्राच्या प्रेमात पडणाऱ्यांसाठी काही सूचना

प्रेमात पडायचंच असेल तर कादंबरीतल्या माणसाच्या पडा. हाडामांसाच्या माणसावर जीव जडला की त्याला ते कळवावं लागतं, मग दोन निळ्या टिकांकडे बघत बसावं लागतं, आणि उत्तर 'हो' आलंच तर पुढे त्याच्या आईला भेटावं लागतं. कादंबरीतल्या माणसाची आई फार तर त्याला पेटीत घालून नदीत सोडून देते. तुम्हाला काही त्रास नाही.

कोणाच्या प्रेमात पडायचं यावर डोकं शिणवू नका. मराठी घरात वाढला असाल तर निवड परस्पर झालेली आहे. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली, आणि तेव्हापासून आठवी-नववीच्या मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या मुलामुलींना दोन गोष्टी होतात: घामोळं आणि कर्ण. घामोळं पहिल्या पावसात जातं.

(कर्ण काल्पनिक कसा, म्हणून कोणी बाह्या सरसावल्या असतील तर त्या खाली घ्या. व्यासांचा कर्ण होऊन गेला की नाही, हा वाद जाणत्यांनी घालावा. तुमचा जीव जडलाय तो सावंतांच्या कर्णावर, आणि ती कादंबरी आहे.)

इंग्रजी माध्यमातल्यांनी हवं तर जेन ऑस्टिनच्या कादंबरीतला मिस्टर डार्सी घ्यावा. गडी १८१३ पासून बाजारात आहे, उंच आहे, श्रीमंत आहे, आणि आधी तुसडा वागून मग विरघळतो, म्हणजे सगळं जिथल्या तिथे. फक्त एक सांगून ठेवते. २०१० साली लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी नर उंदराच्या मुतात माद्यांना ओढून घेणारं एक प्रथिन शोधलं आणि या डार्सीवरून त्याचं नाव 'डार्सिन' ठेवलं. कर्णाच्या नशिबी इतकी विटंबना व्यासांनीसुद्धा लिहिली नाही.

तर कर्णच. प्रत मात्र नवी कोरी घेऊ नका. सार्वजनिक वाचनालयातली घ्या: खाकी कागदाचं कव्हर, पाठीला चिकटपट्टी, पहिल्या पानावर 'पुस्तकात खुणा करू नयेत' असा जांभळा शिक्का. त्या शिक्क्याच्या बरोब्बर खाली कोणीतरी पेन्सिलीने बदाम काढलेला असतो. आत गेलात की समासात संसार मांडलेला दिसेल. 'अगदी खरं.' 'इथे खूप रडू आले.' 'कुंती दुष्ट.' त्याखाली वेगळ्या अक्षरात 'तिचा काय दोष?' आणि त्याखाली निळ्या शाईत, कागद फाटेल इतकं दाबून, 'तुला काय माहीत!!' आपल्या आधी इतक्या जणी इथे येऊन गेल्या म्हणून मत्सर वाटून घेऊ नका. माणूस दानशूर आहे, सगळ्यांना पुरतो.

सावंतांनी युक्तीही नामी केली आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि कृष्ण असे सहा जण आळीपाळीने बोलतात, आणि फिरून फिरून विषय एकच. तुमच्याबद्दल सहा जण एका वेळी बोलतात ते फक्त सोसायटीच्या सभेत, तेही पार्किंगवरून. तेव्हा भाळणं साहजिक आहे.

चेहरा मात्र देऊ नका. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर पंकज धीरचा कर्ण पाहिलेली पिढी अजून त्यातून सावरलेली नाही, आणि २०२४ साली पडद्यावर प्रभास कर्ण निघाल्यावर थिएटरात ज्या शिट्ट्या वाजल्या त्यात तुमची शिट्टी कोणाला ऐकू जाणार? फक्त कुंडलं डोळ्यांपुढे आणा. बाकी धूसर राहू द्या. धूसर माणसाचं पोट सुटत नाही.

आता मुख्य काम. प्रेमात पडलात की वकिलीची सनद आपोआप मिळते आणि अशील एकच असतं. हा खटला जन्मभर चालतो, तारखा कोणीही, कुठेही देतं: लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, घरच्या ग्रुपवर. तयारी हवी.

विरुद्ध पक्ष पहिल्याच झटक्यात सभापर्व काढेल. भर सभेत द्रौपदीला त्याने वेश्या म्हटलं आणि पांडवांसकट तिचीही वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला त्यानेच सांगितलं, हे तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. या ठिकाणी गडबडू नका. वाचताना तो श्लोक आला की गॅसवर दूध ठेवलंय असं एकदम आठवायचं, उठायचं, आणि परत येऊन वनपर्वापासून सुरुवात करायची. कोणी तोंडावर विचारलंच, तर म्हणा, त्याला पश्चात्ताप झाला होता. हे खरंही आहे. उद्योगपर्वात तो कृष्णाजवळ कबूल करतो की दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना नाही नाही ते बोललो आणि आता त्याची जळजळ होते. पांडवांना बोललो, एवढंच म्हणतो. द्रौपदीचं नाव घेत नाही. पण तुम्ही त्याचे वकील आहात, अशिलाचा जबाब शेवटपर्यंत वाचायचं तुमच्यावर बंधन नाही.

खरं तर नकाच वाचू. कारण त्याच संभाषणात, थोडं अलीकडे, तो कृष्णाला घरची हकिगत सांगतो. अधिरथाने आपली लग्नं लावून दिली (अनेकवचन आहे, होय), त्या बायकांपासून मुलं झाली, नातवंडं झाली. नातवंडं. ज्याच्यासाठी तुम्ही भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर बाण लागलेला बदाम काढलात, तो कुरुक्षेत्रावर निघाला तेव्हा आजोबा होता. ही माहिती वर्गातल्या मैत्रिणींना देऊ नका. अर्जुनवाल्यांना तर अजिबात नको.

पुढची तारीख स्वयंवराची. इथे आपली बाजू सगळ्यात भक्कम वाटते: धनुष्य उचललेलं, नेम धरलेला, आणि द्रौपदी म्हणते, मी सूताला वरणार नाही. या वाक्यावर किती उशा भिजल्या असतील! अडचण अशी की पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत विद्वान मंडळी देशभरच्या पोथ्या समोर ठेवून महाभारताचा शब्द न् शब्द ताडून पाहत बसली होती, आणि त्यांच्या संशोधित आवृत्तीत या नकाराला मूळ संहितेत जागाच मिळाली नाही. तळटिपांत गेला. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही ज्या जखमेवर फुंकर घालताय, ती जखम नंतर कोणीतरी केलेली. यावर तोड नाही. ही संस्था ज्या रस्त्यावर आहे, त्या लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवावी, एवढंच सुचवते.

वनवासातल्या पांडवांना डिवचायला कौरव निघाले त्या घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळाला, हे कोणी काढलं तर 'डावपेच' म्हणा. विराटाच्या गाई पळवताना अर्जुनाकडून मार खाल्ला, त्यालाही 'डावपेच'च म्हणा.

कवचकुंडलांचं मात्र जपून. इंद्र येणार आहे, वेष पालटून येणार आहे, हे सूर्याने स्वप्नात येऊन आधीच सांगितलं होतं, आणि द्यायचीच असतील तर बदल्यात त्याच्याकडून अमोघ शक्ती मागून घे, हा सल्लाही दिला होता. कर्णाने ती घेतली. धनत्रयोदशीला जुन्या दागिन्यांवर नवे घेण्याच्या योजना लागतात, त्यांना कोणी दान म्हणत नाही. पण ते सराफ असतात आणि हा सूर्यपुत्र आहे, एवढा फरक प्रेमात पुरेसा आहे.

या साऱ्यातून निभावलात तरी एक धोका उरतोच, आणि तो घरातच असतो. 'मृत्युंजय' आली त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचं, महाभारतातल्या माणसांवरच्या लेखांचं 'युगान्त'ही आलं. बाई मानववंशशास्त्रज्ञ, कुळं, नाती, सोयरीक यांचा हिशेब ठेवण्यात हयात गेलेली. कर्णाच्या कुंडलांनी त्यांचे डोळे दिपले नाहीत. सावंतांनी शेकडो पानं घालून जे उभं केलं, त्यासमोर बाईंना एक लेख पुरला. कर्ण कुठे चुकला, कुठे नको तितकं बोलला, कुठे कमी पडला, सगळं शांतपणे, आवाज न चढवता. आपली वकिली अशा माणसापुढे चालत नाही. म्हणून ही दोन पुस्तकं एका फळीवर ठेवू नका. 'युगान्त' माळ्यावर टाका, वर दिवाळीचा कंदील ठेवा. मुलगी पंचविशीची झाली की आपण होऊन शिडी लावेल.

इथवर मी बायकांशी बोलले. पुरुषांचं निराळं आहे. ते कर्णावर भाळत नाहीत, ते कर्ण होतात. नववीत ज्याने 'मृत्युंजय' दोनदा वाचली तो पुढे कुठल्याही कचेरीत लागला तरी त्याच्या लेखी तिथे कुरुक्षेत्रच असतं. बढती मिळाली तो अर्जुन, त्याला ती देणारा साहेब द्रोणाचार्य, आणि टपरीवर जो रोज स्वतःच्या पैशाने चहा पाजतो व साहेबाला शिव्या घालतो तो दुर्योधन. राजीनामा दिल्यावर लॅपटॉप आणि गळ्यातलं ओळखपत्र परत मागतात, तेव्हा त्या बिचाऱ्या पोराला कवचकुंडलं उतरवल्याचा भास होतो आणि त्या रात्री स्टेटसला मावळता सूर्य चढतो. खाली ओळ: 'लायकी होती, वेळ नव्हती.' जुलैत खड्ड्यात स्कूटर रुतली तर तो आधी आभाळाकडे पाहतो, मग चाकाकडे. तुम्ही या वाटेवर असाल तर एकच पथ्य पाळा: सलग दोन वर्षं बढती मिळू देऊ नका. अर्जुन झालेल्याचं स्टेटस कोणी वाचत नाही.

आपण कर्णावर नाही, त्याच्यावर झालेल्या अन्यायावर भाळतो, असं कोणी शहाणा सांगेल. सांगू दे. अन्यायासारखी सोय नाही. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला कोणी गव्हाचं पीठ दळून आणायला सांगत नाही.

काही जणांना यापुढेही जावंसं वाटतं, थेट लग्नापर्यंत. त्यांनी जपानकडे पाहावं. २०१८ साली टोकियोत एका गृहस्थाने हात्सुने मिकू या संगणकी गायिकेशी पाहुणे बोलावून लग्न लावलं. काचेच्या नळकांड्यात ती दिसायची, त्याच्याशी बोलायची. कायद्याने ते लग्न मानलं नाही, पण ते एक सोडा. २०२० मध्ये कंपनीने ती सेवाच बंद केली. बायको रुसून माहेरी गेली तर जाऊन आणता येते. सर्व्हर बंद झाल्यावर कोणाच्या दारात जाऊन बसणार?

तेव्हा लग्न हाडामांसाच्याशीच करावं लागेल आणि स्थळं येतील. मुलगा हिंजवडीत नोकरीला, आईवडिलांसकट सोफ्याच्या कडेवर बसलेला. मोठी माणसं मुद्दाम गॅलरीतली रोपं बघायला उठली की तो विचारतो, ''तुम्हाला वाचायला आवडतं, असं प्रोफाइलवर होतं.''

''हो. तुमच्यावर कधी अन्याय झालाय?''

तो प्रामाणिकपणे आठवून पाहतो. ''एकदा व्हिसा नाकारला होता. पण दुसऱ्या वेळी मिळाला.''

''शाप वगैरे?''

''नाही. ॲसिडिटी आहे थोडी.''

मग तो पोहे संपवतो, बशीत उरलेलं खोबरंही खातो, आणि इकडेतिकडे बघून बशी स्वतः उचलून आत सिंकमध्ये नेऊन ठेवतो. नळ सोडून विसळतोही. तुमची आई स्वयंपाकघराच्या दारातून तुमच्याकडे अशी काही बघते की जन्मात पहिल्यांदा तिने देव पाहिला असावा. तुम्ही मात्र डगमगू नका. सहा जणांनी इतकं सांगितलं, पण कर्णाने बशी विसळली असं त्यातला एकही जण बोलला नाही.

तरीही घरच्यांनी आग्रह धरलाच, आणि तुम्हालाही त्याचं ते 'ॲसिडिटी आहे थोडी' रात्री दोनदा आठवलं, तर मार्ग आहे. शापाची सोय घरच्या घरी होते. ऐन वेळी विद्या विसरशील, हा परशुरामाचा शाप लावायला धनुष्य लागत नाही. त्याला तुमच्या वडिलांच्या समोरच्या खुर्चीत बसवा आणि वडिलांना विचारायला सांगा, ''काय मग, सध्या पॅकेज किती?''