देवमाणूस वगैरे नव्हते आमचे काका

सकाळपासून फोन टणटण वाजतोय. काका गेल्याचा निरोप ग्रुपवर पडला आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. पहिल्याने लिहिताना केलेली चूकसुद्धा तशीच्या तशी शेवटपर्यंत उतरलीय. मध्येच एकाचं फुलांचं सुप्रभात. मग कुणीतरी लिहिलं, 'देवमाणूस गेला. कधी कुणाला उलट शब्द बोलले नाहीत.'

इथे माझं डोकं फिरलं. उलट शब्द बोलले नाहीत? काका? ज्यांचा आवाज दोन मजले खाली ऐकू यायचा ते?

मी नापास झालो होतो तेव्हाची गोष्ट. दार लावून बसलो होतो. घरचे समजावून थकले. काका आले, निकालाचं नावही काढलं नाही. म्हणाले, 'पंखा बिघडलाय, टॉर्च धरायला चल.' पंखा नुसता गुणगुणत होता, हाताने ढकलला तरच फिरायचा. मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून पाहिला आणि स्टुलावर चढले. पुढचा अर्धा तास नुसत्या शिव्या! 'उजेड माझ्या हातावर पाड, तोंडावर नको. तोंडाने दुरुस्त करू का?' मग कंडेन्सर काढून माझ्या तळहातावर ठेवला. मोटरला पहिला धक्का हा देतो म्हणाले, हा कमजोर झाला की पंखा जागचा हलत नाही. (नाही, याचा माझ्या निकालाशी संबंध त्यांनी जोडला नाही. जोडला असता तर मी टॉर्च टाकून पळालो असतो.)

आता सांगा, हा माणूस त्या 'उलट शब्द न बोलणाऱ्या' देवात कुठे बसतो? तुम्ही त्यांचा आवाजच काढून घेतलात की राव!

बरं, मान्य. अशा वेळी काय लिहावं ते सुचत नाही. मीही दुसऱ्यांच्या वेळी हात जोडलेलं चित्र टाकून मोकळा झालोय. आणि काकांचा स्वभाव सगळ्यांनाच झेपायचा असंही नाही. दुसऱ्याचं ऐकून घेणं त्यांना जमलंच नाही. काकूंनी त्यापायी किती सोसलं ते मी बघितलंय. हेही त्यांच्यातच होतं, ते कुठे लपवू?

पण रागावलेले काका दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर असायचे. सॉरी वगैरे कधीच नाही. 'काय, चालतोय का पंखा?' एवढंच. पंखा त्यांच्या घरचा, आणि विचारायचे मला!

लिहिता लिहिता राग उतरला बहुतेक.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले होते. पुन्हा तोच पंखा, पुन्हा कंडेन्सर, २.५ मायक्रोफॅरडचा. या वेळी स्टुलावर मी आणि टॉर्च त्यांच्याकडे. उजेड नेमका माझ्या डोळ्यांत. इतक्या वर्षांचा वचपा काढायची संधी होती, सोडतोय होय! म्हटलं, 'काका, उजेड हातावर पाडा, तोंडावर नको.'

'गप रे,' म्हणाले, 'चूक आधी तुझ्या तोंडावर दिसते.'

आणि टॉर्च तसूभर हलवला नाही.

ग्रुपवर काय टाकायचं ते टाका. इथे मात्र काका तुमच्यावर कशावरून ओरडले होते तेवढंच लिहा.