प्ले म्हणजे दोष नव्हे
जर्मन ‘श्पील’, फ्रेंच ‘झ्यो’, इटालियन ‘जोको’: खेळाचाच शब्द यंत्रातल्या ‘प्ले’लाही (म्हणजे भागांमधल्या मोकळ्या फटीलाही), तुमच्या लेखातली ही यादी मस्तच. पण त्यातलं ‘प्ले म्हणजे झिजलेल्या यंत्राचा दोष’ हे वाक्य खटकलं. नव्याकोऱ्या बेअरिंगमध्येही तो मुद्दाम ठेवलेला असतो. ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. साधं असेल तर फट ५ ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), ‘सी३’ म्हणजे जास्त फटीचं असेल तर १३ ते २८. मोटर चालली की आतली रिंग बाहेरच्या रिंगपेक्षा जास्त तापते, फुगते आणि ही फट कमी होते.

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मे महिन्यात शेडमध्ये उभं राहवत नाही, आणि तिथे ‘सी३’च्या जागी साधं बेअरिंग ठोकून जातात (दुकानदार म्हणतो, एकच आहे भाऊ!). नुसता शाफ्ट हलवून ‘प्ले आला, बदला’ म्हणणाऱ्यांनी आधी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून मोजावं ना.