‘२१ दिवसांत चिंता गायब’: त्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या भावकीच्या आणि शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं सार असं: रोज पहाटे चारला उठा. २१ दिवस एकही खाडा न करता ध्यान करा, चाला, मन पोलादासारखं होईल. वाईट विचार मनात येऊच देऊ नका. शेतात घाम गाळणाऱ्याला टेन्शन नसतं, ते बसून खाणाऱ्यांचं दुखणं. आणि डॉक्टरकडे जाऊ नका, त्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. चालण्याला, ध्यानालाही माझा विरोध नाही. पण रात्र रात्र जागणारा माणूस हे वाचून स्वतःलाच दोष देतो, आणि ज्याची गोळी चालू आहे तो ती बंद करतो. म्हणून हे उत्तर.

आधी पहाटे चारचं. चार या आकड्यात काही औषध नाही. गुण आहे तो पुरेशा झोपेत आणि उठण्याची वेळ शक्यतो रोज एकच ठेवण्यात. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. ती तुटली की दुसऱ्या दिवशी बारीकसारीक गोष्टही डोंगराएवढी वाटते. आता आपल्याकडचं बघा. कृषिपंपाची थ्री फेज वीज रात्रीची असते तेव्हा रावेर-यावलचा केळीवाला मध्यरात्री पाणी भरायला मळ्यात जातो. त्याने चारला उठायचं की चारला झोपायचं? त्याला सकाळी परत आल्यावर अंधाऱ्या खोलीत सलग झोप मिळाली पाहिजे, आणि त्या वेळात त्याला कोणी हाक मारता कामा नये. कापूस वेचायला जाणारी बाई तर आधीच चारला उठते, भाकरी थापते, डबा बांधते. तिला लवकर उठायचा उपदेश करणं अन्यायाचं आहे. तिची काळजी घ्यायची तर रात्रीची भांडी घरातल्या दुसऱ्या कोणी घासावीत, म्हणजे ती वेळेवर पाठ टेकेल. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर अंथरूण टाकलं तरी डोळा लागायला मध्यरात्र होते. अशा दिवसांत चारचा गजर लावणं म्हणजे उरलेली झोपही घालवणं.

झोपेचा विषय निघालाच आहे तर मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सांगतो. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं साधारण निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं. ज्याच्या छातीत धडधडतं, जीव घाबरतो, त्याने दुपारनंतरचा चहा सोडून पाहावा. टेन्शन आलं म्हणून तंबाखूची पुडी तोंडात टाकणाऱ्याची बेचैनी बऱ्याचदा तंबाखूच्या तलफेचीच असते. पुडीने तलफ शमते, काळजी तिथेच राहते. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

२१ दिवसांचा आकडा कुठून आला? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की, बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला आणि तो नियम झाला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांच्या सवयी तपासल्या तेव्हा कोणाला १८ दिवस लागतील, तर कोणाला २५४, असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६ च्या आसपास. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. लग्नसराईत, पेरणीत खाडा पडणारच. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावं.

मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला मला वाटतो तो ‘वाईट विचार येऊच देऊ नका’. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी प्रयोगात लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. लोकांना तो टाळता आला नाही, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर तो आणखी जास्त आला. दाबण्यापेक्षा चिंतेला वेळ नेमून देणं उपयोगी पडतं. थॉमस बोर्कोवेक यांनी ही पद्धत १९८३ मध्ये मांडली: दिवसभरात चिंता आली की ‘हिचं नंतर बघू’ म्हणून पुढे ढकलायची, आणि ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास तिच्यासाठीच बसायचं. आपल्याकडे दिवेलागणीची वेळ चांगली. ओट्यावर वही घेऊन बसावं, अंथरुणात नको. पानाच्या एका बाजूला हातात असलेलं लिहावं, दुसऱ्या बाजूला हातात नसलेलं. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी ही चिंता असेल, तर कामगंध सापळे लावणं हातात आहे. उद्या तालुक्याला जाऊन ते आणायचे, एवढं लिहून ती ओळ संपवावी. कापसाचा भाव हातात नाही. तो दुसऱ्या बाजूला जाईल आणि तिथे राहील. लिहिता येत नसेल तर घरातल्या माणसाला सांगावं, तेही चालतं.

जीव खूपच घाबरला, तर श्वास सावकाश घ्यावा आणि घेतल्यापेक्षा जास्त वेळ सोडावा, मिनिटाला सहाच्या आसपास. सोडताना नाडी मंदावते, काही मिनिटांत धडधड उतरू लागते.

‘घाम गाळणाऱ्याला टेन्शन नसतं’ हे खान्देशात कोणी लिहावं याचं मला दुःख होतं. वादळात एका रात्रीत केळीची बाग आडवी होते. कर्ज मात्र उभंच असतं. शेतकरी आत्महत्यांच्या सरकारी आकडेवारीत महाराष्ट्र वर्षानुवर्षे सर्वांत वर आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०० प्रौढांमागे १० हून अधिक जणांना कसला तरी मानसिक आजार आढळला. जुन्या लोकांनाही हे होतंच. ते ‘जीव लागत नाही’ म्हणत, ‘बाहेरचं झालं’ म्हणत. त्यांच्याकडे आधार मात्र होते. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाण्यांतून सासरचं सगळं बोलून टाकत. हिवाळ्यात मळ्यात भरताची पंगत बसली की न बोलणारा माणूसही बोलता होतो. रोज एका माणसाशी मनातलं बोलणं ही सवय त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. ऐकणाऱ्यानेही ‘व्हई जाई रे भाऊ’ म्हणून विषय उडवू नये, दहा मिनिटं ऐकावं.

शेवटचं गोळ्यांचं. इथे दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या आहेत. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या मेडिकलवरून परस्पर आणून महिनोन्महिने घेऊ नयेत. चिंता आणि नैराश्यावर डॉक्टर बहुधा देतात त्या सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांची तशी व्यसनासारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि त्या एकदम न तोडता डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करतात. एकदम बंद केल्या की चक्कर, बेचैनी होते, आणि लोक समजतात की सवय लागली. शिवाय धडधड, थकवा यांमागे थायरॉईड किंवा रक्तक्षयही असू शकतो. ते तपासणीशिवाय कळत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, काम बिघडलेलं असेल तर सवयींवर थांबू नये. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. फोनवर मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही. जगणं नको वाटण्याचा विचार कोणी बोलून दाखवला, तर त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा.