पदवी हाती असलेल्या खेळाडूला अडवून कोणते शिक्षण जपले गेले?

अमेरिकेतील कॉलेज-क्रीडेविषयी एक दावा गेली काही वर्षे सतत केला जातो आणि पुढे पाठवला जातो. पदवी मिळवून उरलेले हंगाम दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळणारे ‘ग्रॅज्युएट ट्रान्सफर’ आणि पदवीपूर्वीच व्यावसायिक लीगमध्ये जाणारे खेळाडू यांनी शिक्षणाची पत घालवली. पूर्वी कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांचे, कडक नियम खेळाडूंना अभ्यासाशी बांधून ठेवत असत, म्हणून ते नियम परत आणावेत, असा त्याचा आशय आहे. हा दावा करणाऱ्यांची शिक्षणाविषयीची कळकळ मला खरी वाटते. मात्र त्या नियमांचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही.

पहिला मुद्दा असा मांडला जातो की ग्रॅज्युएट ट्रान्सफर ही पळवाट आहे. कॉलेज-क्रीडेचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या मूळ चौकटीत खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत, त्यामुळे ज्याने तीन वर्षांत पदवी पूर्ण केली त्याच्याकडे खेळण्याचा काळ शिल्लक राही. अमेरिकन फुटबॉलपटू जो बरो याने ओहायो स्टेट विद्यापीठाची पदवी तीन वर्षांत मिळवली, २०१८ मध्ये तो लुइझियाना स्टेटला गेला आणि २०१९ च्या हंगामात त्याने सर्वोत्तम कॉलेज-फुटबॉलपटूला मिळणारा हाइझमन पुरस्कार व राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही मिळवले. ज्या संस्थेने त्याला प्रवेश दिला होता तिचा अभ्यासक्रम त्याने वेळेआधी पूर्ण केला होता. मग त्याने शिक्षणाशी कोणती प्रतारणा केली?

दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण संपूर्ण दावा त्यावर उभा आहे : कॉन्फरन्सचे नियम अभ्यास जपत होते. २०१६ मधील फुटबॉलपटू मॉरिस स्मिथचे प्रकरण पाहावे. त्याने अलाबामाची पदवी पूर्ण केली होती आणि पुढील शिक्षणासाठी त्याला जॉर्जियाला जायचे होते. दोन्ही विद्यापीठे साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील असल्याने अलाबामाने संमती नाकारली, आणि अखेर कॉन्फरन्सचे आयुक्त ग्रेग सँकी यांनी खास सवलत दिली तेव्हाच त्याला त्या हंगामात खेळता आले. ज्यांच्या हाताखाली तो अलाबामात खेळला होता ते बचाव-प्रशिक्षक कर्बी स्मार्ट मात्र काही महिन्यांपूर्वीच त्याच जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक झाले होते आणि त्यांना एकही सामना बाहेर बसावे लागले नव्हते. अभ्यास हीच चिंता असती, तर स्मिथ दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेला तर चालेल पण शेजारच्या राज्यातील प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर चालणार नाही, हा भेद का केला गेला असता?

बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचे उदाहरण याहून बोलके आहे. बेकर मेफिल्ड २०१३ मध्ये टेक्सस टेककडून स्कॉलरशिपविना खेळला आणि नंतर त्याच कॉन्फरन्समधील ओक्लाहोमाला गेला. त्याला २०१४ चा हंगाम बाहेर बसावे लागले, शिवाय कॉन्फरन्सच्या नियमानुसार खेळण्याचे एक वर्षही कायमचे गमवावे लागणार होते. ज्या विद्यार्थ्यासाठी संस्थेने स्कॉलरशिपचा एक डॉलरही खर्च केला नव्हता, त्याच्यावर हा नियम हक्क सांगत होता. जून २०१६ मध्ये कॉन्फरन्सच्या प्राध्यापक-प्रतिनिधींनी नियम बदलण्याचा प्रस्ताव आधी फेटाळला, आणि दुसऱ्याच दिवशी स्कॉलरशिपचा लेखी प्रस्ताव न मिळालेल्यांपुरता दुरुस्त करून मंजूर केला. परत मिळालेल्या त्या वर्षात, २०१७ मध्ये, मेफिल्ड हाइझमनचा मानकरी ठरला. या साऱ्या वादात त्याच्या गुणपत्रिकेचा काहीही संबंध नव्हता.

तिसरा मुद्दा लवकर निघून जाणाऱ्यांचा. येथे दावा मुळातच चुकीच्या दाराशी उभा आहे, कारण व्यावसायिक लीगमध्ये केव्हा जाता येईल हे कॉन्फरन्स ठरवत नाही. बास्केटबॉलच्या एनबीए लीगने २००५ च्या करारात खेळाडू-संघटनेसह किमान वय १९ आणि शालेय शिक्षणानंतर एक वर्षाची अट घातली. एका वर्षात कॉलेज सोडण्याची प्रथा त्या अटीतूनच रुजली. अमेरिकन फुटबॉलमध्ये हीच अट तीन वर्षांची आहे. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने तिला आव्हान दिले, कनिष्ठ न्यायालयात तो जिंकला, परंतु २००४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला, कारण ही बाब लीग आणि खेळाडू-संघटना यांच्या श्रमसंबंधांत मोडते असे न्यायालयाचे मत पडले.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मला मान्य आहे. पदव्युत्तर वर्गात नाव नोंदवून हंगाम संपताच तो सोडून देणारे खेळाडू आहेत, आणि ते योग्य नाही. परंतु त्यावरचा उपाय जाण्यावर बंदी हा नव्हे. साउथईस्टर्न कॉन्फरन्सचाच दुसरा एक नियम असा होता की घेतलेला ग्रॅज्युएट ट्रान्सफर अभ्यासाच्या अटी पाळत नसेल, तर त्याला घेणाऱ्या विद्यापीठाला तीन वर्षे असे खेळाडू घेता येणार नाहीत. या नियमात दंड विद्यापीठाला होता आणि कारणही थेट अभ्यासाचे होते. पण २०१७ मध्ये ती मुदत एका वर्षावर आणली गेली. ज्यांना जुने नियम परत हवे आहेत, त्यांनी या एका नियमासाठी तीन वर्षांची मुदत पुन्हा मागितली, तर त्या मागणीवर मीही सही करीन.