आधी रूळ, मग रस्ता

अटल सेतूच्या २५० रुपये टोलवरून आमच्या घरच्या ग्रुपवर अजूनही वाद पेटतो. एवढा टोल परवडतो का, की वाचणाऱ्या वेळेच्या मानाने तो रास्त आहे, यावर काका आणि मावसभाऊ हिरिरीने लिहितात. डेन्मार्कमध्ये ओडेन्सला बसून ते वाचताना मला वाटतं, भांडायचंच तर टोलच्या आधीच्या गोष्टीवरून भांडावं. २१.८ किलोमीटरच्या त्या सेतूवर मोटारींना सहा मार्गिका आहेत आणि रूळ एकही नाही.

ओडेन्स फ्यून बेटावर आहे. पूर्वेला कोपनहेगनचं झीलंड बेट, पश्चिमेला मुख्य भूमीला जोडलेला जटलंड. देशाची मुख्य रेल्वे या तिन्हींतून जाते. पश्चिमेची लिटल बेल्ट सामुद्रधुनी अरुंद, तिच्यावर रेल्वे आणि रस्ता एकत्र नेणारा पूल १९३५ पासून आहे. पूर्वेची ग्रेट बेल्ट मात्र फार रुंद. तिथे १८८३ पासून शतकाहून अधिक काळ आगगाडीचे डबे बोटीवर चढवून पलीकडे नेत.

१९८६ मध्ये तिथल्या राजकीय पक्षांनी कायमचा मार्ग बांधायचं ठरवलं, तेव्हाच अट घातली की आधी रेल्वे सुरू होईल, मोटारी नंतर. लोकांना एकदा गाडी काढायची सवय लागली की ते रेल्वेकडे वळत नाहीत, हे ओळखून घातलेली अट होती ती. पाळायला सोपी नव्हती. मोठ्या जहाजांसाठी पूर्वेकडचा पूल ६५ मीटर उंच ठेवावा लागला. एवढा चढ आगगाडीला झेपत नाही, म्हणून तिच्यासाठी समुद्राखालून ८ किलोमीटरचा वेगळा बोगदा खणला. १९९१ मध्ये त्यात पाणी शिरलं, १९९४ मध्ये आग लागली, काम वर्षानुवर्षं रखडलं. तरी क्रम बदलला नाही: रेल्वे १९९७ मध्ये धावली, मोटारी १९९८ मध्ये. आज ओडेन्सहून कोपनहेगनला सव्वा तासात पोहोचता येतं.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिकिटं महाग आहेत, पुलाचा टोलही. आणि २ जानेवारी २०१९ ला ग्रेट बेल्टच्या पश्चिमेकडच्या पुलावर, जिथे रेल्वे बोगद्यातून नाही तर उघड्यावरून जाते, वादळी वाऱ्यात मालगाडीवरचा ट्रेलर सुटून प्रवासी गाडीवर आदळला, आठ माणसं गेली. समुद्रावरून रेल्वे नेणं जोखमीचं आहे. पण त्यानंतर वाऱ्याचे नियम कडक केले, रेल्वे बंद केली नाही.

आता आपल्याकडे पाहा. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी खारकोपर-उरण लोकलचंही. मोटार उरणजवळच्या चिर्ल्याहून थेट मुंबईतल्या शिवडीला उतरते. उरणची कॉलेजला जाणारी मुलगी मात्र लोकलने नेरूळ किंवा बेलापूरपर्यंत जाते, तिथे गाडी बदलते आणि वाशीच्या खाडीपुलावरून वळसा घेऊन मुंबईत शिरते. सेतूवर दुचाकीला बंदी, रिक्षालाही. बस आहेत, पण लोकलचा भार बस पेलत नाही. साठ लाखांच्या डेन्मार्कला रेल्वे आधी हवीशी वाटली. मुंबईत तर त्याहून अधिक माणसं रोज लोकलने प्रवास करतात.

अटल सेतूला आता रूळ जोडता येणार नाहीत, पण उत्तन-विरार सागरी सेतूची आखणी चालू आहे. विरार लोकलच्या दाराला लटकून जाणाऱ्यांइतका त्या पुलावर हक्क कुणाचाच नाही. त्यात रेल्वेची जागा कुठे आहे, हे वसई-विरारकरांनी टोलचा आकडा ठरायच्या आधी विचारावं. माझ्या काकांनीही, कारण ते विरारलाच राहतात.