साठ फूट भिंत कोरी ठेवा

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा आहे. विषय रिडेव्हलपमेंटचा. कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरने सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम), भाडं, पार्किंग यांवर तास-दोन तास बोलणं होईल आणि ते व्हायलाच हवं. मला मात्र टेंडरमध्ये आणखी एक ओळ हवी आहे: रस्त्याकडेची साठ फूट भिंत कोरी ठेवा. ती का हवी हे सभेत तीन मिनिटांत सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला, १९८६ सालची. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, ३२ बिऱ्हाडं. रस्त्याकडेची कंपाउंडची भिंत ६० फुटांच्या आसपास. २०१६ च्या पावसात वरच्या मजल्यावरची छतं गळली आणि पुढच्या मे महिन्यात गच्चीवर चायना मोझेक केलं, म्हणजे सिमेंटात फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवले. काम संपलं तेव्हा फुटक्या लाद्यांच्या आठ गोण्या उरल्या. कंत्राटदार म्हणाला, डेब्रिजमध्ये टाकतो. त्याच सुमारास रस्त्याकडेच्या भिंतीची तक्रार पुन्हा आली होती. लोक पान खाऊन थुंकतात, रात्री आडोशाला उभे राहतात. नेहमीचा उपाय सुचवला गेला, देवांच्या टाईल्स लावा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देवाला रस्त्यावर उभं करून थुंकणाऱ्यांवर पहारा करायला लावायचा? मला नाही पटत. त्या गोण्या आहेत ना, आपण आपलंच काहीतरी करू."

काय करायचं यावर दोन सभा गेल्या. कोणाला किल्ला हवा होता, कोणाला लोकल, कोणाला मोर. शेवटी जे ठरलं ते एका आठवीतल्या मुलीने सुचवलेलं: प्रत्येक घराने आपल्या गॅलरीतलं एक झाड करायचं. म्हणून आमच्या भिंतीवर तुळशी पाच आहेत, गवती चहा आहे, कढीपत्ता, सदाफुली, मोगरा, ओव्याचं पान, एक निवडुंग आणि कधीच न फुललेल्या एका ब्रह्मकमळाचं भलंमोठं फूल आहे. खालून रुळांची एक काळी पट्टी जाते, म्हणजे लोकलवाल्यांचंही समाधान झालं.

गच्चीचं काम करणारा मिस्त्री दिवाळीनंतर दर रविवारी यायचा. त्याची मजुरी आणि सिमेंटचा खर्च वार्षिक सभेने मंजूर केला होता. त्याने आम्हाला हात धरून शिकवलं. लादी गोणपाटात गुंडाळून हातोडी मारायची, म्हणजे तुकडे उडत नाहीत. गच्चीवर माल आडवा असतो, तुकडा बसतो. उभ्या भिंतीवर तो घसरतो, म्हणून खालून वर चढत जायचं आणि एका वेळी दोन हातांपेक्षा जास्त माल लावायचा नाही. हातमोजे न घातलेल्यांची बोटं पहिल्याच रविवारी सिमेंटने सोलून निघाली. शेवटी फटींत पांढरं सिमेंट भरायचं, ओलं असतानाच फडक्याने पुसायचं, आणि मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. पाणी मारायच्या पाळ्या जिन्यातल्या फळ्यावर लागत होत्या. मेंटेनन्स वेळेवर न भरणारे एक गृहस्थ त्यांची पाळी एकदाही चुकले नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

गोण्यांतल्या लाद्या बहुतेक पांढऱ्या आणि फिक्या निळ्या, तेव्हा रंग घराघरांतून आले. काकूंनी सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीचे तुकडे आणले. तडकलेली चिनी मातीची बरणी, वर तपकिरी, खाली पांढरी. इतकी वर्षं टाकवली नव्हती. त्या तुकड्यांतून कढीपत्त्याचं खोड झालं. चार घरी काम करणाऱ्या आमच्या ताईंनी वाढलेल्या बांगड्यांची पिशवी आणली, त्यांच्या वस्तीतल्या बायकांकडून गोळा केलेली, आणि लाल काचेची जास्वंद त्यांनी स्वतः बसवली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात साठ फुटांत सगळ्यात आधी तीच दिसते. वॉचमनकाकांनी त्यांच्या गावच्या मोहाचं पान केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी अबोली केली. ते कुटुंब वर्षभराने घर सोडून गेलं, पण त्यांचा मुलगा अजून क्लासहून येताना सायकल थांबवून बघतो. मी त्याला पाहिलंय.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. सभासदांची. ताईंना, वॉचमनकाकांना, भाडेकरूंना सभेत मत नाही आणि कायद्याने ते मिळणारही नाही. पण भिंतीवर ते आहेत. या इमारतीत ज्यांनी ज्यांनी दिवस काढले, त्या सगळ्यांनी मिळून केलेली ही एकच गोष्ट आहे. बाकी आपण एकमेकांना भेटतो ते गळती, पार्किंग आणि थकबाकीसाठी.

कमिटीतल्या एकांनी मला समजावलं, बिल्डर एन्ट्रन्स लॉबीत नामवंत आर्टिस्टकडून म्यूरल करून देणार आहे, ब्रोशरमध्ये चित्र आहे. चांगलं होईल ते, शंका नाही. घाटकोपरला असल्फाची टेकडी २०१७ मध्ये स्वयंसेवकांनी रंगवली, मेट्रोतून जाताना मी दरवेळी मान वळवून बघते. दुसऱ्याने केलेलं सुंदर असू शकतंच. पण लॉबीतल्या म्यूरलपुढून आपण जाऊ ते पाहुण्यासारखे. कोणता तुकडा कोणाचा, कोणती फट कोणाकडून मोठी राहिली, हे त्यात कोणालाच सांगता येणार नाही.

आधी माझा हट्ट होता की आहे तीच भिंत वाचवा. मिस्त्रीला बोलावून विचारलं. त्याने भिंतीवर नुसते ठोकून पाहिले आणि मान हलवली. माल गिलाव्याशी एकजीव झालाय, काढायला गेलं तर भुगा होईल. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग आठवला तो वारल्यांचा लग्नचौक. पालघरकडे लग्नघरात सुवासिनी एकत्र बसून गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. खाली कोणाची सही नसते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांच्या आधी कित्येक पिढ्या हे भिंतीवरचं, बायकांनी मिळून करायचं काम होतं. आणि तो चौक कोणी जपून ठेवत नाही. भिंत पुन्हा सारवतात, पुढच्या लग्नाला पुन्हा लिहितात. लिहिणं चालू राहतं.

दुसरं उदाहरण लांबचं, लिव्हरपूलच्या ग्रॅन्बी वस्तीचं. घरं पाडली जात होती, उरलेली फळ्या ठोकून बंद केलेली. तिथल्या रहिवाशांनी स्वतः त्या फळ्या रंगवल्या, रस्त्यात झाडं लावली आणि पुढे स्वतःचा ट्रस्ट काढून घरं परत उभी केली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या असेंबल या गटाला २०१५ चं टर्नर पारितोषिक, ब्रिटनमधला कलेचा मोठा पुरस्कार, मिळालं. मला त्यातली एक गोष्ट फार जवळची वाटते. तिथल्या कार्यशाळेत पाडकामाचं डेब्रिज वापरून नव्या घरांच्या शेकोट्यांच्या चौकटी ओतल्या. पाडलेलं घर नव्या घरात गेलं.

म्हणून माझा ठराव असा आहे. नव्या इमारतीच्या रस्त्याकडेच्या कंपाउंड भिंतीचा बाहेरचा ६० फूट भाग बिल्डरने फक्त खरबरीत गिलावा करून सोडावा. क्लॅडिंग नको, टेक्स्चर पेंट नको, प्रोजेक्टचं नाव नको. हे टेंडरमध्ये आणि पुढे करारनाम्यात लिहून घ्यावं, कारण तोंडी शब्द तीन वर्षांनी कोणी ओळखत नाही. आणि पाडकामाआधी जुन्या भिंतीचा प्रत्येक तुकडा नीट दिसेल असे फोटो काढून ठेवावेत. ते काम माझं.

तुमच्याकडून एवढंच. घर रिकामं करताना स्वयंपाकघरातल्या ओट्यामागच्या दोन लाद्या काढून घ्या, मागे खडूने फ्लॅट नंबर लिहा आणि माझ्याकडे आणून द्या. भाड्याच्या घरात माळा आहे, गोण्या तिथे राहतील. ताईंना मी कालच सांगितलंय, बांगड्या टाकू नका. त्या म्हणाल्या, पिशवी कधीच सुरू केली.